लेव्हल थ्रीची पाटी कुणासाठी?

हल्ली प्रत्येक हॉस्पिटलला 'लेव्हल थ्री एनआयसीयू'ची, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची, पाटी हवी असते. स्पष्टच लिहिते, ही हौस बाळांच्या जिवावर बेतते.

नवजात बाळांची सोय गरजेप्रमाणे वाटून घ्यायची, म्हणून या पातळ्या आल्या. अमेरिकेत 1976 च्या एका अहवालाने तीन सुचवल्या, 2012 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने चार मांडल्या. पहिलीत दिवस भरलेली, ठणठणीत बाळं. दुसरीत साधारण 32 आठवड्यांपुढची, दीड किलोवरची. त्याहून लहान ती तिसरीत. मोठी जन्मजात व्यंगं, अवघड शस्त्रक्रिया चौथीत.

तिसरी म्हणजे महागडी यंत्रं, असा समज आहे. व्हेंटिलेटर काय, विकत मिळतो. पण 800 ग्रॅमच्या बाळाची शीर पहिल्याच प्रयत्नात धरणारी, मॉनिटर ओरडायच्या आधी बाळाचा रंग बघून हलणारी रात्रपाळीची सिस्टर विकत मिळत नाही. अशी बाळं सतत हाताखालून गेली तरच हात बसतो. दहा ठिकाणी दोन-दोन बाळं विखुरली की दहाही ठिकाणी हात कच्चा. 2010 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले गेले. दीड किलोखालची जी बाळं तिसऱ्या पातळीच्या हॉस्पिटलात जन्मली, त्यांतली 23 टक्के दगावली. इतरत्र जन्मलेल्यांतली 38 टक्के.

'जन्मली' हं, नंतर हलवलेली नव्हेत. म्हणून शक्य असेल तेव्हा आईलाच आधी हलवा. आईच्या पोटासारखा इन्क्युबेटर कुठल्याच अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नसतो. बाळाच्या फुफ्फुसांसाठी आईला द्यायच्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनलाही वेळ मिळतो. जन्मल्यावर हलवायचं म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, टोपी घातलेलं बाळ, 36.5 अंश सेल्सिअसच्या खाली घसरू पाहणारं तापमान, आणि मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना बसणारा प्रत्येक धक्का.

अर्थात कळा जोरात असताना रस्त्यावर निघणं हा वेडेपणाच. म्हणून पहिल्या पातळीला कुणी कमी लेखू नये. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात मास्क नीट बसवून श्वास देणारं माणूस जिथे बाळंतपण होतं तिथे हवंच हवं. त्यात तडजोड नाही.

आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे परतीचा प्रवास. व्हेंटिलेटर सुटला, ऑक्सिजन सुटला, आता फक्त वजन वाढवायचं आणि अंगावर दूध ओढायला शिकायचं, असं बाळ तिसऱ्या पातळीची खाट अडवून बसतं. आणि 'खाट नाही' म्हणून एखाद्या 900 ग्रॅमच्या बाळाला दारातून परत जावं लागतं. त्या सावरलेल्या बाळाचं काम घराजवळच्या दुसऱ्या पातळीच्या युनिटमध्ये, आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायच्या कांगारू केअरमध्ये, छान होतं. पण तिकडे पाठवतो म्हटलं की नातेवाईक हादरतात, 'इथली आशा सोडली का?' त्यांचं काय चुकलं? त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं. भरतीच्या दिवशीच सांगायला हवं की बाळ सावरलं की परत जाणार, कुठे जाणार, आणि तिथे कोण बघणार.