आधी डिग्री दाखव म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लागणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी खालचे मोहोराचे फोटो बघावेत आणि पुढे जावं.

दुपारी आमच्याकडे आंबा बागायतदारांची बैठक होती. विषय एकच, फळपीक विमा. पाऊस पडतो आमच्या बागेत, नोंद होते महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. तिथे कोरडं असलं की इथे मोहोर काळा पडला तरी कागदावर काही झालेलंच नसतं. हे बोलायचं सोडून गाडी घसरली हवामान बदलावर. मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलेले एक काका उठले. क्लायमेट चेंज म्हणजे थोतांड, आमच्या लहानपणीही अवकाळी पडायचा, आणि १९९८ नंतर तापमान वाढलेलंच नाही, असं ठणकावून सांगितलं. बीएस्सी ॲग्रीला असलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, तसं नाहीये." तर काका काय म्हणाले? "तू आधी डिग्री पूर्ण कर, मग मला शिकव."

सगळे हसले. ती खाली बसली.

काका मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांना कुणी विचारलं, की काका, हवामानशास्त्राचा पेपर तुम्ही कुठल्या सेमिस्टरला दिलात? छे! बाप्याचे केस पांढरे असले आणि पायात बूट असले की आपल्याकडे सगळ्याच विषयांची पदवी आपोआप मिळते.

माझ्या मामाची रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ आंब्याची कलमं आहेत. सातवी शिकलेला माणूस. पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो सगळं लिहितो. पालवी कधी आली, थंडी कधी पडली, मोहोर कधी फुटला, कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, कधी गळली. जुनी कॅलेंडरं सुतळीने बांधून माळ्यावर. एकदा एक कृषी शास्त्रज्ञ बाग बघायला आले, पीएचडीवाले. ओटीवर बसून त्यांनी ती सगळी भेंडोळी उलगडली. 'फार थंडी' असं मामाने लिहिलेलं दिसलं की विचारायचे, "फार म्हणजे किती? पहाटे चादर पुरत होती की गोधडी काढलीत?" मामा आठवून आठवून उत्तरं देत होता. त्या माणसाने मामाचं शिक्षण एकदाही विचारलं नाही.

थांबा, लगेच "बघा, आमचा अडाणी शेतकरी शास्त्रज्ञांपेक्षा शहाणा" असं लिहायला येऊ नका. गोष्ट पुढे आहे. चहा झाल्यावर मामाने आपलं निदान सांगितलं. "मोहोर त्या टॉवरानं खाल्लान्." समोरच्या सड्यावरचा मोबाइलचा टॉवर! पाहुण्यांनी शांतपणे विचारलं, टॉवर उभा राहायच्या आधीच्या कॅलेंडरांतही कणी गळल्याचं लिहिलंय, त्याचं काय? मामा घुश्शात आत गेला. मी मध्ये बोलायला गेले तर मलाच म्हणाला, "तू गप गो, तू बी. कॉम."

(मी खरंच बी. कॉम. पतसंस्थेत काउंटरला बसते. तेव्हा डिग्री विचारायची असेल तर हीच आहे.)

म्हणजे कणी गळते हे मामाला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. का गळते, तिथे मात्र ती पीएचडी उपयोगी पडली. कणी धरल्यावर उशिरा पुन्हा थंडी पडते, त्याच फांदीवर नवा मोहोर येतो आणि झाड जुनी कणी टाकून देतं. पुनर्मोहर म्हणतात त्याला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर जिब्रेलिक ॲसिड या वाढीच्या संप्रेरकाची फवारणी सांगितलेली आहे. मामा आता ती करतो. टॉवरावरचा राग तसाच आहे.

आता काकांचा हुकमी पत्ता. "नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ म्हणतो, क्लायमेट क्रायसिस नाही!" म्हणतो की. जॉन क्लॉझर. २०२२चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं ते क्वांटम कणांवरच्या प्रयोगांसाठी. त्या कामाबद्दल मी त्याच्या पाया पडेन. पण बुवा भजन कितीही चांगलं म्हणत असले तरी उधाणात होडीचं सुकाणू त्यांच्या हातात देतो का आपण?

आणि गंमत बघा. कोळसा-तेल जाळून पृथ्वी तापतेय, हे आकडे मांडून १९३८ साली सांगणारा गाय कॅलेंडर हासुद्धा काकांसारखा इंजिनिअरच होता, वाफेच्या यंत्रांचा! हवामानशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. जगभरच्या केंद्रांचे तापमानाचे आकडे त्याने हाताने जुळवले आणि लंडनच्या हवामानशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे ठेवले. तिथल्या जाणत्यांनी माना हलवल्या, शंका काढल्या. हा पुढची अनेक वर्षं आकडे गोळा करतच राहिला. १९५८ला हवाई बेटांवर मौना लोआला कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू झाली, तेव्हा तो हवेच्या दहा लाख भागांत साधारण ३१५ होता. आज ४२०च्या वर आहे. या तापण्याने जगाचं भलंच होईल, असं मात्र कॅलेंडरला वाटायचं. तिथे त्याचा टॉवर झाला.

तर इंजिनिअर असणं हा गुन्हा नाही, काका. आकडे कुठेत?

हो, मान्य आहे, हवामान बदल मानणारे आपल्या बाजूचेही काही कमी नाहीत. शंका घेणाऱ्याला "तू शास्त्रज्ञ आहेस का?" विचारून गप्प करतात. वाईट आहे ते. झालं, म्हटलं.

आणि हेही मान्य, की प्रत्येकाचं मत सारखंच असं मी म्हणत नाहीये. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्याच्या आधी किनाऱ्यावरची माणसं हलवली गेली ती डिग्रीवाल्यांनी दिलेल्या इशाऱ्यावरच. श्रीवर्धन-दापोलीकडच्या सुपारीच्या वाड्या झोपल्या, पण माणसं वेळेत घराबाहेर निघाली होती. त्या दिवशी मामाच्या कॅलेंडराने काही झालं नसतं.

एवढं लिहिल्यावर राग थोडा उतरला. काका माणूस वाईट नाही. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने शाळेचे पत्रे उडाले, तेव्हा पहिले पैसे त्यांनीच काढले होते, तेही नाव न लावता. म्हणून तर जास्त लागलं. ज्यांचं ऐकून गाव उठतं-बसतं, त्यांनी एका पोरीला भर बैठकीत असं गप्प बसवायचं? ती बिचारी पुढच्या वेळी येईल का?

काका माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच. १९९८ हे त्या वेळी फार तापलेलं वर्ष होतं, बरोबर. पण ते कधीच मागे पडलं. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत २०२४ हे तोपर्यंतचं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. तुमच्याकडे वेगळे आकडे असतील तर इथेच टाका, त्या मुलीला मी टॅग करते. ती तपासेल.

आणि बाकीच्यांनो, विम्याचा विषय तसाच राहिला. आपल्या बागांपासून केंद्र किती लांब आहे ते प्रत्येकाने लिहून आणा आणि पावसाच्या तारखाही आणा. मामाला भेंडोळी घेऊन यायला मी सांगितलंय. टॉवराचा विषय निघाला तर त्याला आवरायचं काम मात्र तुमचं.