‘संड्री’ म्हणजे नुसतं किरकोळ नव्हे

‘संड्री’ या इंग्रजी शब्दावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘संड्री म्हणजे किरकोळ’ हे वाक्य थोडं खटकलं. हा अर्थ नंतरचा. जुन्या इंग्रजीत ‘सिंड्रिग’ म्हणजे वेगळा, स्वतंत्र, अलग. ‘असंडर’ (म्हणजे अलग अलग) या इंग्रजी शब्दातला ‘संडर’ याच घरातला. प्रत्येक गोष्ट सुटी सुटी मोजली की त्या ‘अनेक प्रकारच्या’ होतात, तसा हा शब्द विविधतेकडे सरकला. गंमत म्हणजे आपल्याकडेही हेच झालंय: निराळा म्हणजे वेगळा आणि निरनिराळे म्हणजे विविध! १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘ॲट संड्री टाइम्स’ आहे, त्याला ‘निरनिराळ्या वेळी’ चपखल बसतं. तिथे ‘किरकोळ वेळी’ म्हणून बघा.

‘ऑल अँड संड्री’ म्हणजे सगळे मिळून आणि एकेकटेही. आता मात्र त्यात थोडा तुच्छतेचा सूर येतो, आपल्या ‘सोम्यागोम्या’सारखा.

मी हिशेबनीस, त्यामुळे माझी या शब्दाशी ओळख ‘संड्री डेटर्स’ या हिशेबातल्या खात्यामुळे. इथे तर ‘किरकोळ’ सपशेल चुकतं. कित्येक धंद्यांत सगळ्यात मोठी येणी याच खात्यात असतात. म्हणायचं असतं ते ‘निरनिराळ्या गिऱ्हाइकांकडची येणी’. कंपन्यांच्या ताळेबंदाच्या नमुन्यात २०११ पासून त्याऐवजी ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’ (धंद्यातली येणी) आलं, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘संड्री डेटर्स’ अजून ठाण मांडून आहे.

आणि हो, ऑस्ट्रेलियात क्रिकेटमधल्या अवांतर धावांना ‘संड्रीज’ म्हणतात, हे लेखात राहिलं.