वॉर्डाचा क्रमांक बदलला म्हणून मत जात नाही

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या आत्याने परवा प्लास्टिकच्या पिशवीतून मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड आणि भाड्याच्या जुन्या पावत्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि ‘सहा नंबरचा अर्ज आजच भरून दे’ असा हट्ट धरला. चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मजकूर फिरतो आहे की, 1888 पासून अखंड चालत आलेला आपला वॉर्ड मुद्दाम रद्द झाला, आपल्या पणजोबांनी पहिल्या निवडणुकीपासून तिथे मत दिले होते आणि वॉर्डाबरोबर आता यादीतले आपले नावही गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची झोप उडवणारा हा मजकूर पुढे पाठवण्याआधी एकानेही तपासू नये, याचा मला संताप येतो.

नाव जाण्याची गोष्ट साफ खोटी आहे. महापालिकेची यादी विधानसभेच्या मतदार यादीवरूनच तयार होते. प्रभागाची हद्द बदलली की नाव फक्त दुसऱ्या भागात दिसते. सहा नंबरचा अर्ज नव्या मतदारासाठी असतो आणि त्यात आपले नाव आधी कुठेही नाही असे लिहून द्यावे लागते. नाव असताना तसे लिहून देणे हा गुन्हा आहे.

पणजोबांच्या मताचा दावा मला अधिक लागतो. मुंबई महापालिकेचा 1888 चा मूळ कायदा उघडून पाहावा. 72 सभासदांपैकी वॉर्डांतून निवडून येणारे केवळ 36. उरलेले सरकार, जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक), विद्यापीठाचे फेलो आणि चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापाऱ्यांची संघटना यांच्याकडून यायचे. त्या 36 जणांनाही मत देणारे होते ते करदाते. 1922 मध्ये महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यापर्यंत हक्क आला आणि सर्व प्रौढांना मत मिळाले ते 1948 च्या निवडणुकीत. एका खोलीत दाटीवाटीने राहून गिरणीत राबणाऱ्या माणसाला साठ वर्षे दाराबाहेर ठेवले गेले होते. तो पहिल्यापासून मत देत होता असे लिहिणे म्हणजे त्याच्यावर झालेला अन्यायच पुसून टाकणे आहे.

‘अखंड वॉर्ड’ हाही गोंधळच आहे. लालबाग ज्यात येते तो एफ दक्षिण हा महापालिकेचा प्रशासकीय विभाग, त्याचे कार्यालय परळला आजही आहे. नगरसेवकाचा प्रभाग वेगळा, आणि एका विभागात असे अनेक प्रभाग असतात. 1968 मध्ये मुंबईत नगरसेवकांच्या 140 जागा होत्या, 1985 मध्ये 170, 1992 मध्ये 221 आणि 2002 पासून 227. म्हणजे रेषा वारंवार नव्याने आखल्या गेल्या.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. 2017 च्या निवडणुकीपूर्वी उपनगरे सोडून उरलेल्या शहर भागातल्या जागा 63 वरून 56 वर आल्या, त्यामुळे इथले काही जुने प्रभाग खरोखरच नाहीसे झाले. पण 2001 ते 2011 या काळात या शहर भागाची लोकसंख्या 33 लाखांवरून सुमारे 31 लाखांवर उतरली, उपनगरे वाढली, आणि त्या सात जागा तिकडे गेल्या. गिरण्या बंद पडल्यावर माणसे इथून का उठली, हा प्रश्न खरा आहे, पण त्या मजकुरात त्याचा एक शब्दही नाही.

आत्याचे नाव मी यादीत शोधून दाखवले, तेव्हा कुठे तिने ओळखपत्र परत पिशवीत ठेवले.