ट्रेलर बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून मोकळी होते, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

आम्ही नवी मुंबईतल्या उलव्यात राहतो. आज सोसायटीच्या ग्रुपवर एक अर्ज फिरतोय, सगळ्यांनी सह्या करा म्हणून. मागणी काय, तर जेएनपीटीकडे, म्हणजे न्हावा-शेवाच्या बंदराकडे, जाणारे कंटेनरचे ट्रेलर दिवसा पूर्ण बंद करा. आणि पुढे पालघर जिल्ह्यात वाढवणचं बंदर झालं की इथलं बंदर हळूहळू गुंडाळा, त्या जागी खाडीकिनारी बगिचे आणि टॉवर होऊ द्या. इथवर मी गप्प होते. मग खाली एकांनी लिहिलं, "आता सगळं ऑनलाइन मिळतं, बंदरं वगैरे जुन्या काळातल्या गोष्टी." आणि त्यावर धडाधड अंगठे.

अहो, ऑनलाइन मागवलेलं येतं कुठून? एसीचा कॉम्प्रेसर, मुलांची खेळणी, स्वयंपाकघरातलं पामतेल, गाडीतल्या पेट्रोलचं कच्चं तेल, हे सगळं कोणत्या रस्त्याने येतं? आपल्या देशाचा बाहेरच्या जगाशी जो व्यापार चालतो त्यातला वजनाने साधारण 95 टक्के आणि किमतीने 70 टक्के माल समुद्रावरून ये-जा करतो. आणि कंटेनरमधून येणाऱ्या-जाणाऱ्या मालात आपल्या घरापासून थोड्या अंतरावर असलेलं हे न्हावा-शेवा देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी आहे. वर्षाला 70 लाखांहून जास्त टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने तेवढे डबे इथून हलतात. त्याला तुम्ही जुन्या काळातली गोष्ट म्हणता?

माझं काम कागदांचं. कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात शिपिंग बिलं (निर्यातीचे कस्टम्सचे कागद), बीएल (जहाज कंपनीने माल घेतल्याची पावती), कट-ऑफच्या वेळा (डबा बंदरात पोहोचवायची शेवटची मुदत) हे सगळं सांभाळते. पण बंदर म्हणजे काय हे मला ऑफिसात बसून कळलं नव्हतं. ते कळलं निफाडच्या मामांमुळे.

2024 चा द्राक्षाचा हंगाम. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू होते, त्यामुळे युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून निघाली होती. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढलेला, भाडं वाढलेलं. मामांचा थॉमसन द्राक्षांचा माल रॉटरडॅमला जायचा होता. त्या मालामागे काय असतं ते बागायतदारालाच विचारा. ऑक्टोबरची छाटणी, थिनिंग, डिपिंग, रात्री-अपरात्री उठून फवारणी, अवकाळी आला की जीव मुठीत. मग ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, बागेची नोंद, औषधाचा अंश राहिलाय का याची लॅबमध्ये तपासणी. पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग होऊन रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर भरला आणि संध्याकाळी ट्रेलर निघाला. मामांनी कधी बंदर बघितलं नव्हतं. म्हणाले, या खेपेला मी केबिनमध्ये बसून येतो, तुझ्याकडे दोन दिवस राहतो.

कसारा घाट उतरेपर्यंत ठीक होतं. मग भिवंडीला अडकले, शिळफाट्याला अडकले, आणि दिवस उजाडून डोक्यावर आला तेव्हा गव्हाण फाट्याच्या अलीकडे रांगेत उभे. मामा दर थोड्या वेळाने खाली उतरून रीफरच्या डिस्प्लेवरचं तापमान बघून यायचे. त्याला वीज देणारा जेनसेट बंद पडला तर? वर्षभराची मेहनत त्या एका आकड्यावर टांगलेली. दुपारी कट-ऑफची वेळ टळली. मामांचा मला फोन. "अगं, जहाज थोडं थांबत नाही का गं?"

मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले त्या दिवशी. जहाज नाही थांबत. हजारो डबे घेऊन निघालेलं जहाज असतं ते, त्याला धक्क्यावर मोजून वेळ मिळालेली असते, मागे दुसरं येऊन उभं असतं. मामांचा डबा पुढच्या आठवड्याच्या जहाजावर गेला. तिकडे पोहोचेपर्यंत भाव उतरले होते, आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली ती मामींनी कुणाला दाखवलीसुद्धा नाही.

आता सांगा, दिवसा ट्रेलर बंद करायचे? म्हणजे रोज असे किती मामा रात्र पडायची वाट बघत हायवेला उभे करायचे?

थोडं आपल्या शहराबद्दल. मुंबई मुंबई झाली ती गोदीमुळे. 1880 ला प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया, 1914 ला अलेक्झांड्रा, ज्याला आपण आज इंदिरा डॉक म्हणतो. त्या गोदीवर घाटावरून, कोकणातून आलेल्या माणसांनी पाठीवर पोती वाहिली आणि त्या पैशात गावाकडची घरं उभी राहिली. आपल्यातल्या निम्म्या लोकांचे आजोबा-पणजोबा गोदीत, गिरणीत किंवा रेल्वेत होते. आणि त्यांचीच नातवंडं आज बंदर नको म्हणतायत.

पाठीवरची ती पोती गेली डब्यामुळे. 26 एप्रिल 1956 ला माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने नेवार्कहून ह्यूस्टनला एका जहाजावर 58 डबे पाठवले. तिथून पुढे जहाज भरायला-उतरवायला दिवसच्या दिवस लागायचे ते तासांवर आलं. कितीतरी हातांचं कामही गेलं त्यात, ते खोटं नाही. पण त्या डब्यामुळेच निफाडचा पाच-सहा एकरवाला शेतकरी आपली द्राक्षं नेदरलँड्सच्या दुकानात पोहोचवू शकतो. बागेतला घड पॅकहाऊसमध्ये डब्यात गेला की समुद्रापार उघडेपर्यंत सहसा कुणी हात लावत नाही.

बंदर नसेल तर देशाचं काय होतं हे बघायचं असेल तर लेबनॉन बघा. 4 ऑगस्ट 2020 ला बैरूतच्या बंदरात स्फोट झाला. दोनशेच्या वर माणसं गेली. देशाचा बहुतेक गहू बाहेरून यायचा तो याच बंदरातून, आणि तिथलेच धान्याचे मोठे सायलो उद्ध्वस्त झाले. आधीच डबघाईला आलेल्या देशात लोक विचारत होते, पाव मिळेल का? युक्रेनची ओडेसाकडची बंदरं 2022 मध्ये बंद पडली तेव्हा आपल्याकडे सूर्यफुलाच्या तेलाच्या पिशवीचा भाव कुठे गेला होता, ते तुमच्या घरात जो किराणा आणतो त्याला विचारा.

आपली गंमत बघा, गंमत नाही खरं तर, संताप आहे. एवढा मोठा किनारा असून आपले लाखो डबे छोट्या जहाजांनी कोलंबोला जातात, तिथे मोठ्या जहाजावर चढतात आणि मग जगात जातात. कारण सर्वांत मोठी जहाजं धक्क्याला लागतील इतकं खोल पाणी असलेली बंदरं आपण वेळेवर बांधली नाहीत. त्या चढवण्या-उतरवण्याचे पैसे तिकडे. केरळात विळिंजम आता कुठे सुरू झालंय. तिरुअनंतपुरमच्या कडेला निसर्गाने दिलेलं खोल पाणी, आणि तिथे बंदर व्हायला किती पिढ्या बोलत बसल्या!

बरं. आता दुसरी बाजू, कारण ग्रुपवर एका मुलीने मला थेट लिहिलं, "तुमचं कुणी ट्रेलरखाली गेलं नाही म्हणून बोलता." ट्रेलरच्या चाकाखाली दुचाकीवाले गेलेत. धूळ आहे, हॉर्न आहेत, शाळेच्या वेळेला जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागतो. मान्य. पूर्ण मान्य.

पण मग राग ड्रायव्हरवर का? त्या दिवशी मामांच्या शेजारी स्टिअरिंगवर जो मुलगा होता तो बिहारचा. रात्रभर चालवलेलं, दिवसभर रांगेत. शौचालय नाही, सावली नाही, पाणी विकत. रांग दोन पावलं हलली तर गाडी हलवायला हवी म्हणून झोपायची सोय नाही. मामांनी बरोबर आणलेली भाकरी आणि ठेचा दोघांनी मिळून खाल्ला. मामा मला घरी आल्यावर म्हणाले, "माझा माल तरी थंडीत होता, त्या पोराला कोण विचारतं?" ट्रेलरसाठी पार्किंग प्लाझा झालाय, उड्डाणपूल झालेत, करळ फाट्याची पूर्वीची अवस्था आठवणाऱ्यांना फरक दिसतो. तरी ते पुरेसं नाही. झोपमोड झालेला माणूस चाळीस फुटी डबा ओढत आपल्या मुलांच्या शाळेसमोरून जातो हे भीतीदायक आहेच. मग त्याला झोपायला जागा द्या म्हणा ना! सर्व्हिस रोड वेगळा मागा, दुचाकीसाठी वेगळी मार्गिका मागा, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेला तेवढ्या पट्ट्यात नियंत्रण मागा. अशा अर्जावर मी पहिली सही करेन.

रेल्वेही मागा. दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीटीपर्यंत मालगाड्यांसाठी 1,506 किलोमीटरचा स्वतंत्र मार्ग ठरला. बाकीचे टप्पे एकेक करत सुरू होत गेले आणि वैतरणा ते जेएनपीटी हा आपल्या दारातला तुकडा सगळ्यात मागे राहिला. जितके डबे रुळावर जातील तितके ट्रेलर आपल्या रस्त्यावरून कमी होतील. यावर ग्रुपवर कुणी कधी चकार शब्द काढलाय?

आणि एक गोष्ट लिहिताना मला जड जातंय. हे बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं. उलव्यातल्या आपल्या इमारती त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या, आणि त्याही आगरी-कोळ्यांच्या जमिनींवर. जानेवारी 1984 मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या भागातला शेतकरी रस्त्यावर उतरला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे ज्यांची जमीन गेली त्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. बंदरासाठी शेवा गाव उठलं. हनुमान कोळीवाड्याच्या लोकांना जिथे वसवलं तिथे वाळवीने घरं पोखरली, आणि न्यायासाठी त्यांना होड्या घेऊन जहाजांच्या वाटेत जाऊन उभं राहावं लागलं. बंदराबद्दल तक्रार करण्याचा पहिला हक्क कुणाचा असेल तर त्यांचा. फ्लॅट घेताना ब्रोशरमध्ये "बंदर आणि विमानतळ जवळ" हे वाचून खूश झालेल्या आपला नाही. त्यांनी कधी म्हटलं नाही की बंदर बंद करा. ते म्हणाले, आमची जमीन गेली, आमची मासेमारी गेली, आमच्या पोरांना काम द्या. किती साधं मागणं होतं.

मामा त्या दिवशी संध्याकाळी हट्टाने मला घेऊन पुन्हा बाहेर पडले. आत जायला परवानगी नव्हती, म्हणून रस्त्यावरूनच लांबून क्रेन बघितल्या. जहाज चुकलेला माणूस, पण मन लावून विचारत होता. ती क्रेन कोण चालवतं, तिथे वर बसून खालचं दिसतं का, त्यांना पगार किती, आपल्याकडची पोरं आहेत का त्यात. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली तेव्हा बंदराच्या वाटेवर अडकलेले ट्रक त्यांनी टीव्हीवर बघितले होते, स्वतःचाही कांदा चाळीत पडून होता. म्हणाले, दिल्लीत कागदावर सही होते आणि इथे माल सडतो, यांना कुणी हा रस्ता दाखवत का नाही? मला काही उत्तर देता आलं नाही. त्या ड्रायव्हर मुलाला ते अजून हंगाम सुरू झाला की फोन करतात, यंदा येणार का म्हणून.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ग्रुपवरचे लोक वाईट नाहीत, लेकराबाळांची काळजी आहे त्यांना. फक्त "इथलं नको, वाढवणला न्या" हे इतक्या सहज म्हणू नका. तिथेही गावं आहेत, कोळीवाडे आहेत, डहाणूचे चिकू आहेत. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला भूमिपूजन झालं, 76 हजार कोटींच्या वरचा प्रकल्प आहे, वीस मीटर खोल पाणी आहे, आज कोलंबोला जाणारे डबे तिथे थांबू शकतील. मला ते बंदर व्हायला हवंय. आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध मला कळतो, कारण इथे उरणला, या बंदराच्या गावांचं, काय झालं ते त्यांनी बघितलंय. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

पण एक मागणं आहे. पहिला डबा उतरायच्या आधी तिथल्या मुला-मुलींना क्रेन, यार्ड, कस्टम्सचे कागद हे सगळं शिकवा, नंतर नको. माझ्या यादीत पालघर, डहाणू, तलासरीचं कुणी असेल तर मला खरंच सांगा, असं काही प्रशिक्षण तुमच्या गावापर्यंत पोहोचलंय का? शिपिंग बिल कसं भरायचं, बीएल कसं वाचायचं, एवढं तरी मी शिकवू शकते. शनिवार-रविवार येईन, जागा तेवढी बघून ठेवा.