‘किडनी खराब आहे, पायाची अँजिओप्लास्टी नको’ : या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरत असतो. त्याचा सारांश असा : किडनी खराब असलेल्या माणसाने पायाच्या रक्तवाहिनीतला अडथळा अँजिओप्लास्टीने, म्हणजे वाहिनीत नळी घालून फुग्याने, काढायला जाऊ नये. डायमुळे, म्हणजे वाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडलेल्या औषधामुळे, उरलीसुरली किडनी जाते. वाहिनी उघडली तरी जखम भरत नाही, शेवटी पाय कापावाच लागतो, मग आधीच कापलेला बरा. घोट्याचं प्रेशर नॉर्मल आलं असेल तर काळजीच नको. आणि शेवटी, भरपूर पाणी आणि रोज एक शहाळं.

या सल्ल्यातला एक भाग खरा आहे आणि त्यामुळेच बाकीचा भाग धोकादायक ठरतो. किडनीचा जुनाट आजार असलेल्यांची पायाची जखम उशिरा भरते. उघडलेली वाहिनी पुन्हा लवकर बुजते, पाय गमावण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण जास्त असतं. डायलिसिसवरच्या रुग्णांत ते सर्वांत जास्त. यावर वाद नाही. वाद आहे तो यातून काढलेल्या निष्कर्षावर.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर दुखणं जातं, एवढाच त्रास असेल आणि किडनी बरीच खालावलेली असेल, तर अँजिओप्लास्टीची घाई नको, हे बरोबरच आहे. अशा माणसाने दुखेपर्यंत चालावं, थांबावं, पुन्हा चालावं. एका वेळी ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. तंबाखू पूर्ण बंद आणि औषधं नियमित. पण रात्री झोपेतून उठवणारं पावलाचं दुखणं, पाय खाटेवरून खाली सोडल्यावरच आराम पडणं, दोन आठवडे न भरलेली जखम किंवा काळं पडलेलं बोट, यांपैकी काही असेल तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे थांबण्याची किंमत पायाने मोजावी लागते. फिरणारा सल्ला या दोघांना एकच औषध देतो.

‘डायने किडनी जाते’

धोका आहे, पण तो मोजता येतो आणि कमीही करता येतो. मोजायचा तो नुसत्या क्रिएटिनिनवर (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला पदार्थ) नाही, तर त्यावरून आणि वयावरून काढलेल्या ईजीएफआरवर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेच्या आकड्यावर. ७० वर्षांच्या बाईंचं क्रिएटिनिन १.५ असेल तर रिपोर्टकडे बघून ‘थोडंसंच वाढलंय’ वाटतं. पण त्यांचा ईजीएफआर ३७ च्या आसपास भरतो, म्हणजे निम्म्याहून जास्त क्षमता गेलेली असते. अंथरुणाला खिळून ज्यांचे स्नायू झिजले आहेत त्यांचं क्रिएटिनिन तर खऱ्यापेक्षा चांगलं दिसतं.

डायचं प्रमाण याच आकड्याशी बांधतात. वापरलेला डाय मिलिलिटरमध्ये ईजीएफआरच्या दुपटीच्या आत ठेवायचा, तिपटीपुढे जाऊ द्यायचा नाही. वरच्या उदाहरणात सुमारे ७५ मिलि, फार तर ११०. यासाठी डाय सलाईन घालून पातळ करतात. मांडीतल्या वाहिन्यांची चित्रं कार्बन डायऑक्साइड वायू सोडून घेता येतात. तो वायू रक्तात विरघळून फुप्फुसावाटे बाहेर पडतो आणि किडनीला त्याचा उपद्रव नाही. गुडघ्याखाली त्याची चित्रं पुसट येतात, म्हणून डाय तिथल्यासाठी राखून ठेवायचा. कोणती वाहिनी उघडायची हे आधीच्या डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) ठरलेलं असलं तर चाचपडण्यात डाय वाया जात नाही. ‘डाय किती वापरणार, वायूची सोय आहे का, डॉपलरवर आराखडा झालाय का’ हे तीन प्रश्न नातेवाइकांनी जरूर विचारावेत.

किडनीच्या बचावासाठी मुख्यतः वापरतात ते साधं सलाईन. सर्वसाधारण वेग ताशी दर किलो वजनाला १ मिलि, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ६० मिलि, प्रक्रियेच्या आधी आणि नंतर. हृदय कमजोर असेल तर निम्मा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पाच हजार रुग्णांच्या चाचणीत शिरेतून दिलेलं सोडा-बायकार्बोनेट साध्या सलाईनपेक्षा सरस ठरलं नाही आणि किडनी वाचावी म्हणून दिलेल्या एन-ॲसिटिलसिस्टिनच्या गोळ्यांचाही फायदा दिसला नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन कधी थांबवायचं ते आधीच विचारून ठेवावं. थांबवलेलं ४८ तासांनी किडनीची तपासणी ठीक आल्यावरच सुरू करायचं. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

डायचा परिणाम झाला तर क्रिएटिनिन २४ ते ४८ तासांत चढू लागतं, तीन ते पाच दिवसांत शिखर गाठतं आणि बहुतेकांत आठवडा-दहा दिवसांत उतरतं. म्हणून डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी मिळाला तरी ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासलंच पाहिजे. सर्वांत जास्त चुकतो तो हाच टप्पा. क्रिएटिनिन त्यानंतरही आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढत राहिलं, बोटं निळी-जांभळी झाली, कातडीवर जाळीसारखी नक्षी उमटली, तर दोष डायचा नसतो. वाहिनीतून नळी फिरताना सुटलेले कोलेस्टेरॉलचे कण किडनीत आणि बोटांत अडकलेले असतात. त्याचे उपचार वेगळे.

आणि जे आधीच डायलिसिसवर आहेत त्यांचं काय? त्यांच्यात डाय ‘धुऊन काढण्यासाठी’ तातडीचं डायलिसिस लागत नाही, ठरलेल्या दिवशीचं पुरतं. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांची ती उरलेली क्षमता मात्र जपायची.

‘घोट्याचं प्रेशर नॉर्मल, म्हणजे रक्तपुरवठा ठीक’

किडनीच्या रुग्णात हा आकडा सर्रास फसवतो. फॉस्फेट आणि कॅल्शियमचा तोल बिघडल्याने वाहिनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं, वाहिनी पाइपसारखी कडक होते आणि बीपीच्या पट्ट्याने दाबलीच जात नाही. मग घोटा आणि दंड यांच्या प्रेशरचं गुणोत्तर नॉर्मल येतं, कधी १.४ च्याही वर जातं. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला सांगावं, कारण तिथल्या बारीक वाहिन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. ते पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर रक्तपुरवठा सुधारल्याशिवाय जखम भरण्याची आशा फार कमी.

‘वाहिनी उघडली तरी जखम भरतच नाही’

भरते, पण उशिरा, आणि महिन्यांच्या हिशेबाने. उशीर का लागतो हे कळलं की काय करायचं तेही कळतं. अडथळे बहुधा गुडघ्याखालच्या बारीक, कॅल्शियमने भरलेल्या वाहिन्यांत असतात, तिथे फुग्याने उघडलेली जागा काही महिन्यांत पुन्हा आवळते. शिवाय हिमोग्लोबिन कमी, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी, पायावर सूज, बोटांना संवेदना नाही आणि जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी. नळी टाकणारा डॉक्टर यातला फक्त पहिला प्रश्न सोडवतो. बाकीचे घरी आणि डायलिसिसच्या खुर्चीत सुटतात किंवा बिघडतात.

त्या खुर्चीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. चार तास एकाच स्थितीत टाच दाबली गेली, तर ज्या पायाची वाहिनी कालच उघडली त्याच पायाला टाचेवर नवी जखम होते. उशी पोटरीखाली घ्यायची, टाच हवेत राहिली पाहिजे, आणि दर तासाला कुणीतरी पाय पाहायचा. दुसरं म्हणजे डायलिसिसमध्ये बीपी घसरलं की पावलाचा रक्तपुरवठा आटतो. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन फार वाढलं की एकदम जास्त पाणी काढावं लागतं आणि बीपी पडतं. म्हणून मीठ-पाण्यावरचा ताबा हा जखमेचाच उपचार आहे. डायलिसिस चालू असताना पाऊल दुखू लागलं तर ते सहन न करता तंत्रज्ञाला लगेच सांगावं.

जेवणाबाबत घरोघरी एक चूक होते. डायलिसिस नसताना सांगितलेलं कमी प्रथिनांचं पथ्य डायलिसिस सुरू झाल्यावरही चालूच राहतं. डायलिसिसवर दर किलो वजनाला रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतात, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. वरण-भातावर हा आकडा गाठणं अवघड आहे. आहारतज्ज्ञाकडून यादी करून घ्यावी. डायलिसिस नसेल तर जखम असताना मर्यादा किती सैल करायची हे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

औषधांचे घात वेगळेच. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतलं की डायने न झालेलं नुकसान या गोळ्या करतात. पायाच्या जळजळीसाठीचं प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन किडनीवाटेच बाहेर पडतं. नेहमीच्या डोसला रुग्ण गुंगतो, तोल जातो आणि पडतो. इन्सुलिनही शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे जुन्याच डोसला साखर अचानक खाली येते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी किडनीच्या रुग्णात रक्तस्राव जास्त होतो हे खरं, तरी स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) किंवा फुग्यानंतर त्या आपल्या मनाने बंद केल्या तर वाहिनी गुठळीने बुजते. मनात शंका असेल तर आधी फोन करावा.

बधिर पायाला गरम पाण्याचा शेक किंवा तेलाची जोरदार मालिश अजिबात नको. भाजलेलं कळत नाही आणि त्यातून नवी जखम होते.

‘आधीच पाय कापलेला बरा’

गुडघ्याखाली किंवा गुडघ्यावर पाय कापणं ही किडनीच्या रुग्णासाठी लहान शस्त्रक्रिया नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांत त्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण फार मोठं आहे. कापलेल्या जागेलाही भरायला रक्तच लागतं. ते नसेल तर पुन्हा वर कापावं लागतं. कृत्रिम पायाचीही अडचण असते. डायलिसिसच्या आधी आणि नंतर शरीरातलं पाणी बदलतं, तसा उरलेला पाय फुगतो आणि आक्रसतो, आणि साच्यात नीट बसत नाही.

काही वेळा मात्र मोठं कापणं हाच योग्य निर्णय असतो. संसर्ग रक्तात पसरून जीव धोक्यात आला असेल, टाचेचं हाड पूर्ण नासलं असेल, किंवा रुग्ण बराच काळ अंथरुणात असून गुडघा आखडून गेला असेल, तर. अशा वेळी रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि किडनीचे डॉक्टर दोघांचं मत एकत्र घ्यावं.

बोट कापण्याबाबत क्रम महत्त्वाचा. पू साचला असेल तर तो लगेच मोकळा करायचा, तिथे थांबायचं नाही. पण सुकं, काळं, घट्ट बोट असेल तर आधी रक्तपुरवठा सुधारायचा, मग बोट काढायचं. उलट केलं तर बोटाची जखम तळपायापर्यंत चढत जाते.

बायपास, म्हणजे शीर जोडून अडथळ्याला वळसा घालणं, सुचवला असेल तर शीर बहुधा पायातलीच घेतात. हातांच्या शिरा फिस्टुलासाठी (डायलिसिसकरता हातात करतात तो वाहिन्यांचा जोड) राखायच्या असतात, म्हणून सुई आणि सलाईन मनगटाच्या वर नको, तळहाताच्या मागच्या शिरेत लावायला सांगावं.

‘भरपूर पाणी आणि शहाळं’

लघवी कमी झालेल्या माणसाच्या शरीरात जास्तीचं पाणी फुप्फुसात आणि पायात साचतं, आणि सुजलेल्या पायाची जखम भरत नाही. शहाळ्याच्या पेलाभर पाण्यात पोटॅशियम सहज ४०० मिलिग्रॅमवर जातं. ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो.

घरी आल्यावर रोज सकाळी एकाच वेळी वजन करावं आणि दोन्ही पावलं, बोटांच्या बेचक्यांसकट, उजेडात पाहावीत. पाऊल एकाएकी थंड, पांढरं किंवा बधिर होणं, जांघेत नळी घातलेल्या जागी गाठ किंवा रक्त येणं, जखमेला वास येणं, ताप, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, लघवी घटणं किंवा धाप लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवावं. डॉपलर पहिल्या महिन्यात, मग तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. आणि जखमेचा आकार चार आठवड्यांत कमी झालाच नाही तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉपलर आधीच करून घ्यावं. वाहिनी पुन्हा बुजली असेल तर जखम खोल जाण्याआधी ती दुसऱ्यांदा उघडता येते.