की-बोर्डचा सूर उशिरा येण्याचे कारण रॅम नव्हे

घरी रेकॉर्डिंग करताना मिडी की-बोर्डची (संगणकाला स्वरांचे संदेश पाठवणाऱ्या की-बोर्डची) पट्टी दाबल्यावर सूर उशिरा ऐकू येत असेल, तर रॅम वाढवावी किंवा महागडी यूएसबी केबल घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुतांशी चुकीचा असून त्यापायी होतकरू वादकांचे पैसे नाहक खर्च होतात, म्हणून हा खुलासा.

मिडीच्या जुन्या पाच पिनांच्या केबलमधूनही एका स्वराचा संदेश सुमारे १ मिलिसेकंदात पोहोचतो. उशीर मुख्यतः ऑडिओ बफरमुळे, म्हणजे संगणक आवाज ऐकवण्याआधी त्याचा जो छोटा साठा भरून घेतो त्यामुळे, होतो: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाचे सूक्ष्म नमुने) या दराने १,०२४ सॅम्पलच्या बफरला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, तर १२८ च्या बफरला जेमतेम ३. म्हणून वाजवताना बफर लहान ठेवावा आणि मिक्सिंग करताना, प्रोसेसरवर ताण येऊन आवाज तडतडू नये यासाठी, तो पुन्हा वाढवावा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसच्या (संगणकाला जोडायच्या ध्वनी-उपकरणाच्या) उत्पादकाने दिलेला एएसआयओ ड्रायव्हरच, म्हणजे आवाज कमी उशिराने पोहोचवणारा ड्रायव्हर, निवडावा. रॅमचा खरा उपयोग पियानोसारख्या मोठ्या सॅम्पल लायब्ररींसाठी, म्हणजे वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांच्या संग्रहांसाठी, होतो.

ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल, तर बफर कितीही कमी केला तरी उशीर जाणवणारच. तेथे वायरचा हेडफोन लावण्याला पर्याय नाही. एवढे करूनही सूर मागे राहिल्यास मास्टर ट्रॅकवरील (सगळे आवाज एकत्र येतात त्या ट्रॅकवरील) लिमिटर, म्हणजे आवाजाची पातळी मर्यादेत ठेवणारा इफेक्ट, तात्पुरता बंद करून पाहावा; त्यानेही उशीर वाढू शकतो.