रेवस ते रेडी पळत: त्या मेसेजमधलं काय खरं, काय खोटं

थंडी पडली की नाशिकच्या रनिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दोघा-तिघांनी तो मोबाइलवर दाखवलाही. मजकूर थोडक्यात असा: फुल मॅरेथॉन केलेल्या कुणालाही रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतचा कोकणकिनारा अकरा-बारा दिवसांत पळता येतो. वाट सपाट, वाळू गुडघ्यांना मऊ, समुद्रवाऱ्यामुळे उकाडा नाही, नाशिककरांना उंचीवर राहण्याचा फायदा. तहान नसली तरी पाणी पीत राहा. रोज सकाळी सहाला सुरुवात, 45 किलोमीटर, दुपारी मासे.

माशांबद्दल तक्रार नाही. बाकीच्याबद्दल बोलू.

उंचीचं आधी उरकून टाकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्के कमी, आणि रक्तातल्या ऑक्सिजनवर त्याचा परिणाम नावापुरता. खेळाडू उंचीवरच्या सरावासाठी 2,000 ते 2,500 मीटरवर जाऊन काही आठवडे मुक्काम ठोकतात. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. त्याच्या माथ्यावर झोपडी बांधली तरी हिशोब पुरा व्हायचा नाही.

आता ‘सपाट वाट’. हा गैरसमज कुठून येतो ते मला कळतं. नाशिकहून समुद्र गाठायचा तर बरेच जण जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीकडे जातात. तिथे ओहोटीला पाणी लांबवर हटतं आणि रुंद, घट्ट किनारा मोकळा होतो. तो बघून वाटतं, सगळं कोकण असंच. दक्षिणेकडे गेलात की डोंगराच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात आणि दोन सोंडांच्या मध्ये खाडी शिरते. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे आरे-वारेच्या रस्त्याने जा: एका पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, कड्यावर चढायचं, दुसऱ्या पुळणीला उतरायचं, पुन्हा चढायचं. वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, जांभ्याचा कातळ तापलेला, सावलीला झाड नाही. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला वळसा घालणाऱ्या साउथ वेस्ट कोस्ट पाथची हीच गत. लांबी 1,014 किलोमीटर, वाट समुद्राला धरून, आणि सगळी चढण जोडली तर सुमारे 35,000 मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या जवळपास चौपट. प्रत्येक ओढा समुद्राला मिळताना दरी कापतो, आणि किनाऱ्याने जाणाऱ्याला ती दरवेळी उतरून चढावी लागते.

खाड्यांचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, इथे माणसं आणि गाड्या जंगलजेटीने पार होतात. दाभोळला संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर एक तर मुक्काम, नाहीतर चिपळूणमार्गे भलामोठा वळसा. किती किलोमीटर पळायचं हे अशा दिवशी तुमचे पाय ठरवत नाहीत, जेटी ठरवते.

सगळ्यात घातक वाक्य मात्र ‘रोज सकाळी सहाला’ हे. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातल्या जाणत्यांचा ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सहाच्या आसपास ओहोटी आणि पळायला छान ओली पट्टी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. तुम्ही बूट बांधून उभे, आणि समोर भरती! भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीच्या, दिवसांत पाणी उधाणाइतकं चढत नाही हे मान्य, पण घट्ट वाळू त्याखाली गेलेली असते, उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत. म्हणजे बारा दिवसांत कधी ना कधी वेळापत्रक उलटं पडणारच. सुरुवात कधी करायची ते घड्याळाला नाही, पंचांगाला विचारा.

आणि ती कोरडी वाळू ‘गुडघ्यांना मऊ’ आहे का? पाऊल आपटण्याचा दणका कमी बसतो, एवढं खरं. पण 1998 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा वाळूत पळायला कडक जमिनीच्या 1.6 पट ऊर्जा लागली. टाच रुतते, पोटरी आणि टाचेमागची शीर ताणत राहते. ओल्या पट्टीला उतार असतो, हे तर कुणी बोलतच नाही. रेवसहून रेडीला जाताना समुद्र कायम उजव्या हाताला, म्हणजे उजवा पाय कायम सखल बाजूला. तासाभरात काही होत नाही. चार दिवसांनी एका गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. त्यात खाऱ्या पाण्याने कातडी मऊ पडलेली आणि मोज्यात, करंगळीच्या बेचक्यात, वाळूचे चार कण. फोड यायला एवढं पुरतं.

समुद्रवाऱ्याचं सांगायचं तर शाळेतला भूगोल आठवा. सकाळी सहाला वाहतात ते मतलई वारे, जमिनीकडून समुद्राकडे. खारे वारे जोर धरतात दुपारकडे, तोवर तुम्ही भाजून निघालेले असता. आपल्या नाशिकच्या जानेवारीत घाम आला कधी आणि वाळला कधी ते कळत नाही. एक लिटर घामाची वाफ झाली तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता अंगाबाहेर जाते. कोकणच्या दमट हवेत बराचसा घाम टीशर्टमधून नुसता टपकतो, आणि टपकलेल्या घामाने अंग गार होत नाही. शरीराला अशी हवा मानवायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर रेडी आलेलं असेल!

‘तहान नसली तरी प्या’ हा सल्ला तर पुढे पाठवूच नका. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्क्यांमध्ये सोडियम कमी निघालं. धोका सर्वाधिक कुणाला? पळून आल्यावर ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांना, म्हणजे जास्त पाणी प्यायलेल्यांना. नुसत्या शहाळ्यांवर भागत नाही, त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं. तहानेपुरतं प्या आणि कोकम सरबतात मीठ मागून घ्या.

राहिला ‘मॅरेथॉन केलेला कुणीही’. मॅरेथॉननंतर तुम्ही आठवडाभर जिन्याचा कठडा धरून उतरता, इथे दुसऱ्या सकाळी पुन्हा 45. स्नायूंचं दुखणं चढतं ते एक ते तीन दिवसांनी, म्हणजे नेमकं श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या चढ-उतारांत. कुणाला जमत नाही असं नाही, पण त्याची तयारी वेगळी असते. स्वतःला जोखायचं असेल तर एका शनिवार-रविवारी केळव्याला जा. दोन्ही दिवस 30-30 पळा, त्यातलं निम्मं कोरड्या वाळूत. सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.